खाली मान घातलेला माणूस

असियूत, २४ ऑगस्ट १९९७

युस्तीना,

पाकीट फाडून न टाकता उघडलंस, एवढ्यावरही माझं समाधान आहे. तुझा पत्ता मावशीकडून मिळवला. ती सहजासहजी देईना. फोनवर म्हणाली, "अकरा वर्षांनी मुलीची आठवण झाली होय? काय, तब्येत बरी आहे ना?" तिचा टोमणा मी मुकाट्यानं गिळला.

परवा जत्रेच्या शेवटच्या दिवशी तू मठावर आली होतीस, आणि मी तुला ओळखलं नाही. मला हे काल कळलं. बखीत फुटाणेवाला पंधरा वर्षं माझ्या शेजारी गाडी लावतो. सामान आवरताना तो म्हणाला, "काय रे लबीब, नात गोड आहे. साधी उचलून तरी घ्यायचीस."

"कुणाची नात?"

"माझ्या सासऱ्याची! अरे, तुझी युस्तीना समोर उभी होती की. चांगली दहा मिनिटं. मला वाटलं, तुमचा अबोला अजून चालूच आहे."

मी गोंदणाच्या यंत्राच्या पेटीवर बसलो. मग एकेक आठवायला लागलं. निळा घागरा, धुळीनं माखलेल्या सपाता, आणि माझ्या स्टुलावर बसवलेली चारेक वर्षांची मुलगी. मी तिला म्हणालो होतो, "रडलीस तर क्रूस वाकडा येईल हं." ती म्हणाली, "मग तुम्हीच वाकडे बसा." मला हसू आलं. माझी सुई बघून सगळी पोरं भोकाड पसरतात, ही तोंड मिटून बघत राहिली. मी नाव विचारलं आणि वरून कुणीतरी सांगितलं, "अगापी." कर्ण्यावर स्तोत्रं चालली होती, आवाज ओळखायचा कसा? काम झाल्यावर मनगटाला तेल लावलं आणि "पुढचे या" म्हणालो. निळा घागरा हलेना. मग मी म्हणालो, "बाई, बाजूला व्हा, रांग खोळंबली आहे."

बापानं ओळखूनही हाकललं, असं तुला वाटलं असेल. तसं नाही, म्हणून हे पत्र. तू घर सोडल्यावर मी आपल्या धर्मगुरूंकडे, अबूना सिदराकांकडे पापकबुलीला गेलो. माझी नजर घसरते म्हणून सांगितलं. त्यांनी नेम दिला, की गोंदताना बाईच्या मनगटाच्या वर बघायचं नाही आणि सुई चालेल तोवर मनात प्रभूचं नाव घ्यायचं. त्यांनी नेम दिला होता त्या उन्हाळ्यातल्या पंधरा दिवसांच्या उपासापुरता. मी तो अकरा वर्षं चालवला.

आता सगळ्या असियूतमध्ये माझं नाव आहे. बायका आपल्या वयात आलेल्या मुलींना बिनघोर माझ्याकडे आणतात. "लबीबकडे न्या, त्याची मान खाली असते," असं म्हणतात. मागच्या वर्षी अबूनांनी प्रवचनात नाव न घेता माझा दाखला दिला, तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी अर्थात खाली बघत होतो. त्या मानेनंच मला परवा दगा दिला. गुन्हा असेल तर एवढाच.

गच्चीवरच्या त्या भांडणाला आता खूप दिवस झाले. आईची साखर वाढली आहे, पायाची बोटं बधिर होतात. नाताळला घरी या, अगापीलाही आणा. आईला तुझ्या येण्याचं अजून सांगितलेलं नाही. उगाच आशा लावायची नाही म्हणून.

बाबा

असियूत, ५ सप्टेंबर

युस्तीना,

तुझं उत्तर आलं. चार ओळी आहेत, पाठ झाल्या. "अगापीला तुमच्याच हातचा क्रूस हवा म्हणून आले होते. आईला खरं सांगा. सांगितलंत की कळवा, तोवर पत्र नको. मनगटाची खपली पडली आहे."

पत्र नको म्हणालीस तरी लिहितो. माझा स्वभाव तुला माहीत आहे, एक ऐकून घेईन तर शपथ.

खपली पडली हे बरं झालं. आठवडाभर साबण लावू नकोस.

आणि खरं काय ते तुला मी सांगतो, आईला कशाला? ऐक. आईचं ऑपरेशन झालं त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी गच्चीवर जायचो ते कबुतरांना दाणे टाकायला जात नव्हतो. शेजारच्या गच्चीवर धान्यवाल्याची बायको अफाफ केस वाळवायला बसायची. मी खुराड्याच्या आडोशाला बसून तिला बघायचो. पहिल्या दिवशी नजर पडली, ती कुणाचीही पडते. दुसऱ्या दिवशी मी वेळ साधून गेलो. तिसऱ्या दिवशी बसायला पाट नेला. पाट नेला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पंधरा दिवस मी त्या पाटावर बसलो, आणि खाली तुझी आई पोटाचे टाके सांभाळत पाण्यासाठी हाक मारत होती. तू वाळलेले कपडे काढायला वर आलीस आणि मला पाहिलंस. मीही तुला पाहिलं. तू कपडे तसेच टाकून खाली गेलीस.

हे मी कुणाला लिहून देईन असं वाटलं नव्हतं. आता लिहितोच आहे तर सगळं लिहितो. नेम घेतल्यावर मोह गेला असं नाही. चेहरा बघायचा नाही म्हटल्यावर मन बोटांत उतरलं. मनगट हातात धरायचं, कातडी ताणायची, नाडी लागते ती बोटाला कळते. कधी एखादं मनगट मी गरजेपेक्षा जास्त वेळ धरलं आहे. त्या बाईला कळलं नसेल, मला कळत होतं. मग मी उपास वाढवायचो, तेलतूप सोडायचो, दोनशे वेळा जमिनीला डोकं टेकवायचो. मठाच्या भिंतीवर त्या चांभार संताचं चित्र आहे, ज्यानं एका बाईकडे बघितलं म्हणून अरीनं आपला डोळा फोडून घेतला. त्याच्याकडे बघताना मला वाटायचं, हा एका दुपारीत मोकळा झाला, आणि आपल्याला रोज उठून तीच लढाई. तरी मी लढलो, युस्तीना. हरलो तिथं हरलो, पण लढलो, याला तरी काही किंमत देशील का?

आईचं म्हणशील तर तिला सहन होणार नाही. डॉक्टर म्हणतात, धक्का बसता कामा नये. झाकली मूठ झाकलेलीच बरी. तू मोठी आहेस, समजून घे.

बाबा

असियूत, १२ सप्टेंबर

युस्तीना,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस.

काल आपल्या चर्चचं नवं वर्ष सुरू झालं. आईनं तांबडा खजूर आणि पेरू आणले. खजूर निवडता निवडता म्हणाली, "युस्तीनाला कच्चे पेरू आवडायचे." दर वर्षी म्हणते आणि लगेच गप्प होते. काल गप्प झाली नाही. म्हणाली, "तिनं एकदा तुमची माफी मागितली असती तर काय बिघडलं असतं? पोर हट्टी निघाली. माझ्यावरच गेली."

मी हातातला खजूर तसाच ठेवला. उठून बाहेर पडलो तो थेट अबूनांकडे गेलो.

अबूना आता थकलेत. त्यांना मी मठावरची गोष्ट सांगितली, नात आली नि गेली. म्हणालो, "तुमचा नेम पाळला, त्याचं हे फळ. आता मला यातून सोडवा." खरं सांगायचं तर मी भांडायलाच गेलो होतो.

ते म्हणाले, "लबीब, नेम एका उपासाचा होता. पुढं वाढवायला कुणी सांगितलं?"

"मी वाढवला. मोह होता म्हणून."

"मोह होता हे कबूल. पण मुलगी घर सोडून का गेली?"

"तिनं मला पाहिलं म्हणून."

"पाहिलं तिनं, मग घराबाहेर ती कशी? तुला जायला हवं होतं."

अबूना थांबून राहिले. हा माणूस थांबला की भिंतही बोलायला लागते. शेवटी मी सांगितलं, आणि आता तुलाही तसंच लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याजवळ असू दे.

त्या संध्याकाळी तू आईला सांगितलंस, बाबा अफाफला चोरून बघतात. आईनं मला विचारलं. मी म्हणालो, "चोरून कोण काय करतं ते तुझ्या लेकीला विचार. धान्यवाल्याच्या धाकट्या भावाला गच्चीवरून खुणा करताना मी तिला पकडलं, म्हणून माझ्यावर उलटली आहे." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी अडखळलोसुद्धा नाही. आमच्या गावात वीस वर्षांच्या मुलीवर असा आळ आला तर काय होतं, ते मला पुरतं ठाऊक होतं. मामाच्या कानावर गेलं असतं तर तुझ्या जिवावर बेतलं असतं. आई टाके सांभाळत जिना चढली. तू कपडे घ्यायला परत वर गेली होतीस. तिनं तुला दंडाला धरून खाली आणलं आणि दोन दिवसांत मावशीकडे पाठवलं. "वडिलांच्या डोक्याचं चुंबन घेऊन माफी माग, तेव्हाच या उंबऱ्यात पाय ठेव," असं बजावून पाठवलं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

अजून एक आहे, आणि हे तुला माहीत नसेल. पहिल्या वर्षी तू आईला तीन पत्रं पाठवलीस. आईला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवली. "आई, मी तसं काही केलेलं नाही, देवाची शपथ," असं जिथं जिथं होतं ते मी गाळलं. "हवा छान आहे, मावशीकडे समुद्र जवळ आहे," एवढंच तिला ऐकवलं. तिसऱ्या पत्रानंतर आई म्हणाली, "माफीचा एक शब्द नाही. हिला काही वाटतच नाही." मग तिनं तुझं नाव टाकलं. त्यानंतर तुझं पत्र आलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

अबूना सगळं ऐकून क्रूस हातात फिरवायला लागले. मग म्हणाले, "तू माझ्याकडे डोळे घेऊन आलास, मी डोळ्यांना औषध दिलं. जीभ तू घरीच ठेवून आलास. अकरा वर्षं मी तुझ्या हातावर पवित्र भाकर ठेवली नाही, तोंडात घातली. त्याच जिभेवर."

मी म्हणालो, "शिक्षा द्या. वर्षभर उपास करतो."

"उपास तुला आवडतो, लबीब. तो तुला मिळायचा नाही. बायकोला, शफीकाला सांग. तोवर प्रभुभोजनाला येऊ नकोस."

गेली अकरा वर्षं मी तुझ्या आईच्या तोंडाकडेही नीट बघितलेलं नाही. ती थट्टा करते, "तुम्ही मठातच का जात नाही? तिथं निदान स्वैपाक मला करावा लागणार नाही." तिला वाटतं, नेमच तसा आहे. नेम परक्या बायकांसाठी होता. तिच्याकडे मी बघत नव्हतो ते नेमानं नव्हे, भीतीनं.

सांगेन म्हणतो. कधी ते लिहीत नाही. लिहिलं आणि जमलं नाही, तर अजून एक खोटं तुझ्याकडे जमा होईल.

बाबा

असियूत, २८ सप्टेंबर

युस्तीना,

हे पत्र आईच तुझ्या हातात देईल.

आईला सांगितलं. काल क्रुसाचा सण होता. सगळी गल्ली चर्चमध्ये गेली आणि मला प्रभुभोजनाची बंदी म्हणून मी घरी, तेव्हा आई म्हणाली, "सणाच्या दिवशी घरी? पोट बिघडलं का?" ती अंगणात उन्हात फुगवायला ठेवलेल्या, अजून न भाजलेल्या भाकऱ्या उलटत होती. मी म्हणालो, "शफीका, बस जरा."

"हात पिठाचे आहेत. उभ्यानं ऐकते."

मी सांगितलं. पाटापासून सुरुवात केली. अफाफचं सांगेपर्यंत ती भाकऱ्या उलटत होती. म्हणाली, "बरं. पुढे?" जणू तेवढं तिनं गृहीतच धरलं होतं. मग मी खुणांचं सांगितलं, की ते मी रचलं होतं. तिचा हात थांबला. पत्रांचं सांगितलं, तेव्हा ती खाली बसली.

माझी नजर तिच्या पायांवर होती. ती म्हणाली, "वर बघ."

मला जमेना.

"अकरा वर्षं जमिनीकडे बघून मोठा साधू झालास. आता माझ्याकडे बघ आणि परत एकदा सांग. माझ्या मुलीनं काय केलं होतं?"

मी वर बघितलं. युस्तीना, तुझ्या आईचं तोंड म्हातारं झालं आहे. डाव्या गालावर वांग आला आहे, दोन दात पडले आहेत, डोळ्यांखाली काळं झालं आहे. यातलं काही माझ्या देखत झालं नाही. मी म्हणालो, "काही केलं नव्हतं."

ती रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल, शिव्या देईल, छातीत कळ येईल. डॉक्टरांचं नाव मी तुला उगाच सांगितलं होतं, तसं कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "मी तिला ओढत खाली आणलं. माझे टाके उसवले, रक्त आलं, तरी मी सोडलं नाही. ती सारखी म्हणत होती, आई, तुला लागेल. आणि मी तिच्या तोंडात मारली." मग माझ्याकडे वळून, "मी तुला दोनदा विचारलं होतं. देवाच्या दिव्यासमोर विचारलं होतं."

"हो."

"दोन्ही वेळा माझ्याकडे बघून उत्तर दिलंस. तेव्हा तुझी मान काही खाली नव्हती."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. भाकऱ्या भाजल्या. अर्ध्या फडक्यात बांधल्या, अगापीसाठी. शेजारच्या अबूनांच्या बायकोला बोलावून आणलं आणि तिच्यासमोर मला मामाला फोन करून सगळं कबूल करायला लावलं. फोनवर जे बोललो ते मावशीलाही ऐकवलं. मामानं मला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यात चूक काही नव्हतं. आज सकाळी बखीत दारात आला आणि आत न येताच परत गेला, म्हणजे गल्लीतही पोचलं आहे. आता पोरींना माझ्याकडे कुणी आणणार नाही. न आणोत.

आई उद्या सकाळच्या गाडीनं निघते आहे. संध्याकाळी पोचेल. साखरेच्या सुया निळ्या डब्यात आहेत, सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी. सुई टोचून घ्यायला ती घाबरते, मीच देत होतो. तिच्याशी बोलत राहायचं आणि पटकन टोचायचं. पायाच्या बोटांना जखम झाली तर तिला कळत नाही, रोज रात्री पाय बघावे लागतात. वांगी देऊ नकोस, अंगाला खाज सुटते. ती तुझ्याकडे माफी मागायला येते आहे. मी म्हणालो, "माफी मी मागायला हवी, तू कशाला?" तर म्हणाली, "तुझी तू बघ. थप्पड माझी होती."

मी येऊ का, असं विचारलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी स्टेशनवर पोचवायला जाणार होतो, त्यालाही नको म्हणाली. अबूनांची बायको जाते आहे बरोबर.

तुझ्याकडे काय मागू, हे मला कळत नाही. पहिल्या पत्रात मी नाताळचं बोलावणं केलं होतं, ते आता वाचायला लाज वाटते. तुझी अकरा वर्षं, तुझ्या लग्नात आई नसणं, तुझ्या बाळंतपणात आई नसणं, हे सगळं माझ्याकडे आहे आणि परत देता येत नाही. मी तुझी माफी मागतो, युस्तीना. उत्तर लगेच देऊ नकोस, घाई नाही. मी इथंच आहे.

हे पत्र मी मघाशी आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, माझ्या हातातून घेतलं आणि शेजारी नेऊन अबूनांच्या बायकोकडून पुन्हा वाचून घेतलं, मी काही गाळलं का ते बघायला. परत आली आणि कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बरोबर आहे. पण एक वाक्य राहिलं. लिही, मी परत यायचं की नाही, ते माझी मुलगी ठरवेल."

लिहिलं.